ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर कडक करायचे असतील तर

पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या गॅरेजात कामाच्या टेबलाखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक व्हॉल्व्ह बॉडी आहे, म्हणजे गिअरबॉक्समधलं तेल कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणारा भाग. मस्कतहून कायमचा परत आलो तेव्हा सामानात घालून आणलेली. शेवरले सिल्व्हराडो पिकअपच्या ४एल६०ई गिअरबॉक्सची. ती गाडी नाशकात माझ्या तरी पाहण्यात नाही, त्यामुळे हा भाग इथे कुठल्या गाडीला बसायचा नाही. पण त्र्यंबक रोडच्या आयटीआयतून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून जी पोरं ओमान, दुबई, कतारला निघतात, त्यांतली काही जण जाण्याआधी आठवडाभर माझ्याकडे येऊन बसतात. त्यांच्यासाठी ती ठेवली आहे. तिकडे पोचल्यावर महिनाभरात कुणीतरी पिकअप घेऊन येतोच आणि म्हणतो, गिअर ढिले पडतात, कडक करून दे. इथे जन्मभर हाताने गिअर टाकलेल्या पोराला ही मागणी नेमकी काय आहे तेच उमगत नाही. मी त्यांना समोर बसवून जे सांगतो ते इथे लिहून ठेवतो.

आधी कडक म्हणजे काय ते बघू. या गिअरबॉक्समध्ये चार गिअर. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आत एक पोलादी पट्टा, म्हणजे बँड, फिरत्या ड्रमला आवळतो आणि ड्रम थांबतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बँड सुटतो आणि क्लच प्लेटांचा एक संच दाबला जातो. चौथ्याला त्या प्लेटा तशाच दाबलेल्या राहतात आणि बँड पुन्हा आवळतो. हे सगळं तेलाच्या दाबावर. आवळायला सुरुवात झाल्यापासून पूर्ण पकड बसेपर्यंत जो क्षण जातो, त्यात घसरण असते. सीटवरच्या माणसाला धक्का लागू नये म्हणून कंपनी ती घसरण मुद्दाम ठेवते, आणि रिकामी गाडी गावात फिरवायची तर ते बरोबरच आहे. पण ओमानच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, मागे पाण्याच्या टाकीचा ट्रेलर आणि समोर जबल अख्दर डोंगराचा चढ असला की तीच घसरण प्लेटा जाळायला लागते. आपल्याकडे ट्रॅक्टरवाला अर्धा क्लच दाबून चिखलातून उसाची ट्रॉली काढतो आणि संध्याकाळी क्लचचा वास येतो ना, तोच प्रकार इथे प्रत्येक गिअरला थोडा थोडा होत असतो.

तेव्हा आपलं काम घसरणीचा वेळ कमी करणं एवढंच. झटका बसवणं हे काम नव्हे. गिअर पडलेला ड्रायव्हरच्या पाठीला कळावा, कानाला कळू नये. गाडीखालून 'ठाक' असा आवाज आला तर तो दणका पुढे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत सगळ्यांना बसतो, आणि त्या भागांनी असा मार खायची तयारी केलेली नसते.

घसरणीचा वेळ ठरतो तीन गोष्टींवर: तेलाचा मूळ दाब किती, ते कुठल्या भोकातून किती वेगाने येतं, आणि वाटेत त्याला कोण अडवतं. भोकं असतात सेपरेटर प्लेटमध्ये. व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्सचं वरचं शरीर यांच्यामध्ये बसणारा हा पोलादी पत्रा. पिंपळगावचा एक पोरगा शिकायला होता, त्याच्या घरी द्राक्षबाग. प्लेट हातात घेऊन तो म्हणाला, "नाना, हे तर ठिबकसारखं आहे." इतकं चपखल मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. एकाच लॅटरलवर चार लिटरचा ड्रिपर लावा की आठ लिटरचा, लाइनचा दाब तोच असतो, झाडाला पाणी मात्र भोकाप्रमाणे मिळतं. प्लेटमधलं दुसऱ्या गिअरचं भोक म्हणजे बँडचा ड्रिपर.

अडवणारा असतो अ‍ॅक्युम्युलेटर. एक छोटा पिस्टन आणि त्याच्यामागे स्प्रिंग. बँडकडे निघालेल्या तेलातलं थोडं तेल आधी या पिस्टनला ढकलण्यात, स्प्रिंग दाबण्यात जातं, म्हणून बँडवरचा दाब सावकाश चढतो. स्प्रिंग कडक केली की दाब लवकर चढतो. गिअर कडक करायला सुट्या भागांचा जो संच मिळतो त्याला शिफ्ट किट म्हणतात. त्याच्या पाकिटात काय असतं? काही स्प्रिंगा, दाब वाढवणारा एखादा व्हॉल्व्ह, नवी सेपरेटर प्लेट किंवा जुनीच मोठी करायला एक-दोन ड्रिल बिट, आणि सूचनांचा कागद. तो कागद गाडीच्या सालाप्रमाणे बदलतो. मालकाला चावी मागण्याआधी तो दोनदा वाचा.

आता पाना हातात घेण्याआधीचं काम. माझ्याकडे 'कडक करून दे' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच मुळात आजारी असायच्या. आजारी गिअरबॉक्सला शिफ्ट किट घालणं म्हणजे ताप अंगात असलेल्या माणसाला तालमीत उतरवणं.

डिपस्टिक काढून तेल पांढऱ्या कागदावर टिपा. लाल किंवा फिकट तपकिरी ठीक. काळपट आणि करपलेला वास असेल तर आतल्या प्लेटा गेल्या आहेत, मग व्हॉल्व्ह बॉडीत काही करून उपयोग नाही. पूर्ण गिअरबॉक्स खोलण्याचं काम आहे असं मालकाला सरळ सांगा. तो रागावेल, दुसरीकडे जाईल, जाऊ द्या. पातळी बघायची ती गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल गरम आणि लिव्हर पार्कमध्ये असताना. डिझेल इंजिनाचं ऑइल बघायच्या सवयीने पोरं इंजिन बंद करून बघतात आणि मग भलतंच तेल भरतात.

स्कॅनर लावा. या गिअरबॉक्समध्ये पी १८७० हा बिघाडाचा कोड फार ओळखीचा. तो घसरण सांगतो, आणि पुष्कळदा त्याचं मूळ टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉकअपचा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हच्या बोअरमध्ये असतं. ॲल्युमिनियमचं भोक झिजतं आणि तेल निसटतं. हा कोड असताना नुसती स्प्रिंग बदलली तर तुम्ही दुखणं झाकलंत.

नंतर प्रेशर गेज. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, लिव्हरच्या जोडाजवळ एक प्लग आहे, तो काढून तिथे ३०० पीएसआयचा गेज लावायचा. मूळ दाब ठरवतो एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह, आणि त्याचं वागणं उलटं आहे, हे लक्षात ठेवा: त्याला करंट जास्त तर दाब कमी. सुमारे १ अँपिअरला दाब ५५ ते ६५ पीएसआय, करंट जवळजवळ शून्य केला की १७० ते १९०. असं उलटं ठेवण्यामागे विचार आहे. वायर तुटली तर दाब आपोआप पूर्ण चढावा, प्लेटा घसरून जळू नयेत. म्हणून एखादा मालक सांगत आला की गाडीचे गिअर आपोआप छान कडक पडायला लागलेत, तर खूश होऊ नका. आधी वायरिंग बघा. आणि गेजवर दाबच चढत नसेल तर पंप, दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, फिल्टरचं सील बघायचं. भोकं मोठी करून कमी दाब भरून निघत नाही.

इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग आणि शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता उघडायचं. गाडी जॅकवर ठेवून कधीही खाली जाऊ नका. चारही बाजूंना स्टँड, चाकांना लाकडी ओंडके. तेल कोमट असू दे, गरम नको, हात भाजतो. गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचा पॅन असतो, त्याचे १६ बोल्ट. एका बाजूचे आधी सैल करून पॅन तिरका केला की तेल ट्रेमध्ये एका धारेने उतरतं, अंगावर येत नाही. पॅनमधला लोहचुंबक बाहेर काढा आणि पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. हा फोटो पुढे लागणार आहे.

फिल्टर खाली ओढला की त्याचं सील वरच्या भोकातच अडकून राहतं, ते विसरू नका. वायरिंगचे कनेक्टर सोलेनॉइडवरून काढताना घाई नको. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून त्यांचं प्लास्टिक पापडासारखं ठिसूळ झालेलं असतं, आणि एक टोक मोडलं तर आख्खं हार्नेस घ्यावं लागतं. मग पहिल्या-दुसऱ्याचा अ‍ॅक्युम्युलेटर सोडवा. यातला पिस्टन जुन्या गाड्यांत प्लास्टिकचा असतो, त्याला तडा गेलेला असतो किंवा बाजूने घासलेला असतो. ॲल्युमिनियमचा मिळतो, तो घालाच. किती तरी वेळा ढिल्या दुसऱ्या गिअरचं कारण तो तडा गेलेला पिस्टनच निघाला आहे, आणि तो बदलल्यावर मालकाला आणखी काही नको असायचं.

व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. खोक्याच्या पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीचा आकार काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या त्या भोकात उभा करा. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर वरचं शरीर फुटतं, आखूड बोल्ट लांब जागी घातला तर आटे जातात. शेवटचे दोन बोल्ट काढताना एका हाताने व्हॉल्व्ह बॉडीला आधार द्या. ती प्लेटसकट खाली येते. येताना वरून तिसऱ्या-चौथ्याच्या अ‍ॅक्युम्युलेटरचा पिस्टन आणि स्प्रिंग सुटतात, आणि छर्रे निसटतात.

छर्ऱ्यांविषयी थोडं सांगतो. व्हॉल्व्ह बॉडीच्या नागमोडी खाचांमध्ये ठरावीक जागी छर्रे बसलेले असतात, आणि एखादा वरच्या शरीरातही असतो. तेल एका दिशेने आलं की छर्रा भोकावर बसतो आणि वाट बंद होते, उलट आलं की सरकतो. एक छर्रा इकडचा तिकडे गेला तर गिअरबॉक्स वेड्यासारखा वागतो आणि कारण सापडता सापडत नाही. ट्रेमध्ये पडलेल्या छर्ऱ्याचा 'टिक' असा आवाज येतो. माझ्या पोरांना मी हात थांबवून तो आवाज मोजायला लावतो. कुठल्या सालच्या गाडीत किती आणि कुठे, हे बदलतं. किटचा कागद कधी कधी एखादा छर्रा मुद्दाम काढून टाकायलाही सांगतो. म्हणून काढण्याआधी फोटो, काढल्यावर मोजणी, कागदाशी ताळा. परत बसवताना छर्रा जागेवर धरायला साधी व्हॅसलीन वापरा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको. व्हॅसलीन गरम तेलात विरघळून जाते, ग्रीसचा गोळा बारीक वाटेत जाऊन बसतो.

तसंच पुसायचं कापड. आपल्याकडे गॅरेजात कॉटन वेस्टचे चोथे हाताशी असतात. ते या टेबलाच्या आसपासही नकोत. एक धागा व्हॉल्व्हमध्ये गेला की तो व्हॉल्व्ह अडकला. भाग धुवून हवेने वाळवायचे. पुसायचंच असेल तर धागे न सुटणारं कापड वापरा. आणि प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या बोअरमध्ये बोटाने ढकलून बघायचा. बॉडी तिरकी केली की तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे.

आता प्लेट. खरं कौशल्य इथे आहे.

जुनी प्लेट उजेडात धरा. छर्रे वर्षानुवर्षं आपटून भोकांच्या कडांना वाटीसारखा खड्डा पडलेला असतो. तो खड्डा खोल असेल तर छर्रा त्यात रुतून बसतो, मग नवीन प्लेटच घ्यायची. प्लेट ठीक असेल तर कुठलं भोक दुसऱ्या गिअरचं, कुठलं तिसऱ्याचं, ते कागदावरच्या चित्रावरून ओळखून मार्कर पेनने गोल करा आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. मी अजूनही दाखवतो.

मग भोक मोजा. मस्कतमध्ये आम्ही ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून बघायचो, बसला की तेवढं माप. माझा भाचा अंबडला टूलरूममध्ये आहे, त्याने मागे पिन गेजचा संच आणला होता. टेबलाखालच्या या प्लेटचं जे भोक मी इतकी वर्षं २ मिलिमीटरचं म्हणून पोरांना दाखवत होतो, त्यात त्याने पिन घातली आणि म्हणाला, "मामा, हे २.०८ आहे." तेवढ्याने काय होतं, असं कुणाला वाटेल. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. २ चं भोक २.२ केलं तर वाट २१ टक्क्यांनी मोठी होते. २ चं २.५ केलं, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळणारा अर्धा मिलिमीटर वाढवला, तर ५६ टक्क्यांनी. पोरं हे गणित वहीत उतरवून घेतात, पण ड्रिल हातात आल्यावर विसरतात, म्हणून मी ते प्लेट ठेवायच्या डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवलं आहे.

म्हणून कागदावर जे सगळ्यात सौम्य माप दिलं असेल तिथून सुरुवात करायची. मोठं केलेलं भोक लहान होत नाही. ड्रिल करताना प्लेट लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर धरा, बिट सरळ उभं, वेग कमी. दोन्ही बाजूंची काटेरी कड सपाट कानशीने हलक्या हाताने काढा, बोट फिरवून बघा आणि मग प्लेट धुवा. पोलादाचा कीस गॅसकेटखाली राहिला तर पहिल्याच दिवशी गळती.

हे इतकं ठासून का सांगतो, त्याचं कारण आहे. मस्कतला वादी कबीरमध्ये कामाला लागून मला तिसरं वर्ष होतं. हातात सफाई आली होती. डोंगरातल्या गावांना पाणी पोचवणारा एक ओमानी गृहस्थ त्याची पिकअप घेऊन आला. भला माणूस, मला 'मुहंदिस', म्हणजे इंजिनिअर, म्हणायचा. त्याला खूश करायचं म्हणून मी सगळंच एकदम केलं: कडक स्प्रिंग घातली, मोठा सर्व्हो (बँडला ढकलणारा पिस्टन) घातला, आणि दुसऱ्या गिअरचं भोक कागदावरच्या मापाच्याही दोन पायऱ्या पुढे नेलं. आमच्या मल्याळी फोरमनने टेस्टला गाडी नेली आणि परत येऊन एवढंच म्हणाला की दुसरा जास्त जोरात पडतोय. मालक मात्र हरखून गेला होता. दुसरा गिअर पडला की मागची चाकं किंचित किंचाळायची.

पाच महिन्यांनी गाडी दोरीने ओढून आणली. पहिला आणि तिसरा लागत होता. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स गेलेले. हे तिघं एकदम गेले की या गिअरबॉक्समध्ये बोट एकाच भागाकडे जातं: सन शेल, घंटेच्या आकाराचं पत्र्याचं भांडं. बँडने धरलेल्या ड्रमला ते मधल्या सन गिअरशी जोडतं. बँड ड्रमला ज्या जोराने पकडतो तो सगळा जोर या भांड्याच्या दात्यांवर येतो. मी गिअरबॉक्स उतरवून खोलला. भांडं बाहेरून नवंकोरं दिसत होतं. उलटं करून आत बोट फिरवलं तर मधल्या भोकाला दाते नव्हतेच. सोलून निघालेल्या कडा करवतीसारख्या लागत होत्या आणि तळाला चमकणारा चुरा साचला होता. या भागाचा कमकुवतपणा माहीतगार लोकांना ठाऊक होता, मलाही ऐकून ठाऊक होता. गेला तो माझ्या हातून. त्या माणसाचं पाणी तीन आठवडे दुसऱ्याच्या गाडीवरून गेलं. मी मजुरी घेतली नाही, सुट्टीचे शुक्रवार घालून काम पुरं केलं, कडक जातीचं शेल घातलं आणि मूळ मापाच्या भोकाची नवी प्लेट आणून बसवली. त्याने एका शब्दाने मला बोल लावला नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून एका वेळी एकच बदल करतो. त्यातही माझा क्रम ठरलेला आहे. आधी अ‍ॅक्युम्युलेटरचा पिस्टन आणि स्प्रिंग. तेवढ्याने भागलं नाही तर सर्व्हो.  तो गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला झाकणाखाली असतो आणि गोल क्लिप काढून गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो, फक्त सायलेन्सरचा पाइप आड येतो. कॉर्व्हेट मोटारीत याच गिअरबॉक्सला जो सर्व्हो यायचा त्याचा दुसऱ्या गिअरचा पिस्टन मोठा आहे, म्हणजे तेवढ्याच दाबात बँडवर जोर जास्त. तो पिकअपमध्ये बसतो, आणि नको वाटला तर परत काढता येतो. भोक सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या गिअरच्या बाबतीत मात्र मी एवढा हात आखडता घेत नाही. या गिअरबॉक्सच्या तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा ओझ्याखाली जळतात, आणि तिथली घसरण कमी केली तर खरोखर आयुष्य वाढतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला दुसरा गिअर जरासा आणि तिसरा नीट कडक, असं प्रमाण ठेवावं.

बसवताना गॅसकेट बघा. प्लेटच्या दोन बाजूंना दोन वेगळी असतात, एकावर व्ही आणि एकावर सी असं छापलेलं असतं. व्ही व्हॉल्व्ह बॉडीकडे, सी वरच्या शरीराकडे. दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात आणि उलट लावली तरी बसतात, म्हणून अक्षर वाचल्याशिवाय लावू नका. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मध्यापासून बाहेर जात टॉर्क पान्याने ११ न्यूटन मीटर. पॅनच्या बोल्टनाही तेवढाच टॉर्क. हा फार थोडा आहे, मोठ्या टॉर्क पान्यावर तो नीट कळतही नाही, छोटा पाना घ्या. ट्रकच्या चाकाचे नट आवळलेल्या हाताला ११ म्हणजे सैलच वाटतं, पण जास्त आवळलं की व्हॉल्व्ह बॉडी ताणली जाते आणि मघाशी बोटाने सरकणारा व्हॉल्व्ह आत अडकतो.

पॅन काढल्यावर तेल साधारण ४.७ लिटर परत लागतं. आधी ४ लिटर भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागेवर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, मग गरम झाल्यावर पातळी बघत उरलेलं. डेक्सरॉन ६ चालतं. जास्त भरलं तर फिरणारे भाग तेलात बुडून फेस करतात, आणि फेसाला दाब नसतो.

कॉम्प्युटरने आधी शिकलेलं पुसायला विसरू नका. गिअर पडायला वेळ जास्त लागतो असं दिसलं की हा कॉम्प्युटर आपणहून दाब वाढवत गेलेला असतो. तुम्ही आत स्प्रिंग कडक केलीत आणि त्याची जुनी वाढ तशीच राहिली, तर दोन्ही मिळून दणका बसतो. स्कॅनरने ते शून्यावर आणा आणि मग रस्त्यावर न्या. आधी हलक्या पायाने, नंतर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, शेवटी ओझं घालून चढावर. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पहिल्या दिवशी काही बघू नका.

इथल्या लोकांसाठीही थोडं लिहितो, कारण हल्ली नाशकातही ऑटोमॅटिक पिकअप दिसायला लागल्या आहेत. टोयोटा हायलक्स २.८ लिटरची, इसुझु व्ही-क्रॉस १.९ लिटरची, दोन्हींत सहा गिअरची ऑटोमॅटिक. बागायतदारांच्या पोरांनी घेतल्या आहेत आणि तिकडचे व्हिडिओ बघून माझ्याकडे येतात, "नाना, शिफ्ट किट टाकून द्या." मी टाकत नाही. आजच्या या गिअरबॉक्समध्ये क्लचचा दाब सोलेनॉइडच्या हातात असतो आणि कॉम्प्युटर प्रत्येक गिअरला तो मोजून मापून देत असतो. तिथे भोक मोठं केलं तर कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो. वॉरंटीही जाते. वर लिहिलेलं सगळं जुन्या चार गिअरच्या, स्प्रिंग आणि छर्ऱ्यांवर चालणाऱ्या गिअरबॉक्ससाठी आहे.

मागच्या द्राक्षाच्या हंगामात एक ऑटोमॅटिक पिकअप आली. घाट चढताना क्रेट भरलेले असले की गिअर बदलताना इंजिन मोकळं ओरडतं, मग गिअर पकडतो, अशी तक्रार. मालक किटचे पैसे द्यायला तयार होता. गाडी वर घेतली तर कूलरच्या पाइपच्या जोडाला तेलाचा ओला डाग, वर धूळ चिकटून जाड थर झालेला. तेल कमी आणि काळपट. जोड नवा केला, कंपनीने सांगितलेलंच तेल घातलं. या गाड्यांना डिपस्टिक नसते, ठरावीक तापमानाला प्लगमधून बारीक धार यायला लागली की पातळी बरोबर, त्यामुळे स्कॅनरवर तापमान बघत बसावं लागतं. शिकलेलं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी क्रेट भरूनच मालकाबरोबर घाटात गेलो. घाटाच्या मध्यावर तो म्हणाला, "किट तर टाकलं नाही ना तुम्ही?" तेलाचा कूलर जाळीत चिखल भरून बुजलेला असेल तर तो धुणं, ओझ्याच्या गाडीला जादा कूलर बसवणं, तेल वेळेवर बदलणं, यांतच इथल्या गाड्यांचं निम्मं काम होतं.

ज्यांनी वर सांगितल्याप्रमाणे काम केलं आहे त्यांनी हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पॅन पुन्हा उतरवायचा. मालक म्हणेल, चांगली चालतेय, कशाला खर्च. त्याला ही गोष्ट आधीच सांगून, पैसे आधीच ठरवून ठेवा. लोहचुंबकावरचा गाळ दोन बोटांत चोळून बघा. राखेसारखा मऊ, करडा, बोटांना न टोचणारा असेल तर नवीन भाग एकमेकांना बसताहेत. टोचत असेल, पितळी चकाकी दिसत असेल किंवा काळे पापुद्रे हाताला लागत असतील तर गाडी परत देऊ नका. नंतर चुंबक पुसण्याआधी दुसरा फोटो काढून पहिल्याच्या शेजारी ठेवून बघा.